साहेब काय म्हणाले

औरंगाबाद, ३ मार्च २००८

वन्सं,

पाकिटावरचं अक्षर माझ्या शेजारच्या आशाबाईंचं आहे. माझं अक्षर दिसलं की तुम्ही पाकीट न फोडता परत धाडता, म्हणून ही चोरी केली. फोनवर माझा आवाज ऐकला की ठेवून देता. लासूर स्टेशन इथून तासाभराच्या रस्त्यावर, आणि चोवीस वर्षं आपण एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही.

आता पुढचं बसून वाचा.

अनंतचं विमान सापडलं.

गेल्या ऑगस्टमध्ये लडाखच्या बाजूला, एका हिमनदीवर, लष्कराच्या गस्तीवरच्या जवानांना पंखाचा पत्रा दिसला. त्यावरच्या आकड्यांवरून जुनी दप्तरं काढली. एकाहत्तरच्या लढाईत, डिसेंबरात, वरच्या चौक्यांवर रसद टाकायला गेलेलं आणि परत न आलेलं तेच डकोटा. दोन वैमानिक, एक रेडिओवाला आणि वाट काढून देणारा नॅव्हिगेटर, म्हणजे तुमचा भाऊ. चौघांपैकी कुणाचाच छत्तीस वर्षांत पत्ता नव्हता.

परवा हवाई दलाचा एक तरुण अधिकारी घरी येऊन गेला. बर्फातून थोडे अवशेष मिळालेत म्हणाला. थोडे म्हणजे किती ते मी विचारलं नाही. खोटं कशाला लिहू, विचारलं. एका लहान पेटीत मावतील एवढे.

कुणाचं काय हे रक्तावरून ठरवतात. मी तिथल्या तिथं बाही वर सारली. मुलगा ओशाळला. "मॅडम, आपका नहीं चलेगा," म्हणाला. आईकडून येणारं रक्त लागतं. आई नसेल तर तिच्या पोटची भावंडं. मी त्याला म्हटलं, "बेटा, माझं लग्न झालंय त्यांच्याशी." तो म्हणाला, "म्हणूनच नाही चालत."

आई गेल्या. राहिलात तुम्ही एकट्या.

इथं छावणीतल्या लष्करी दवाखान्यात दोन थेंबांचं काम आहे. गाडी मी पाठवते. तीस एप्रिलपर्यंत मुदत. त्यानंतर ज्यांची ओळख पटणार नाही त्या सगळ्यांना तळावर एकत्र अग्नी देतील.

माझ्यावरचा राग तसाच ठेवा. फक्त या.

पद्मजा


औरंगाबाद, २१ मार्च २००८

वन्सं,

तुमचं पोस्टकार्ड मिळालं. अक्षर थोडं थरथरतं, पण "झ" अजून तसाच, शेपटी ओढलेला. तीन ओळी आहेत. पाठ झाल्यात.

"ज्याला तू पैठणला पळसाच्या काड्यांत जाळलंस, त्याचं आता आणखी काय जाळायचं राहिलं? माझा भाऊ जिवंत असताना तू त्याचा विधी केलास. मी रक्त देणार नाही."

चौऱ्याऐंशीच्या फेब्रुवारीत तुम्ही दिल्लीला होतात. तुमचा नेहमीचा फेरा, बेपत्ता माणसांची यादी घेऊन, या कचेरीतून त्या कचेरीत. इकडे मी पैठणला गोदावरीच्या काठावर गेले. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची आणि मग त्याचा पुतळा करून जाळायचा, ही आपल्याकडची रीत. मी काढलेली नाही. तीनशे साठ काड्या पळसाच्या, डोक्याच्या जागी नारळ. गुरुजी विचारत होते, "अग्नी कोण देणार?" चुलत दिराला जिंतूरहून बोलावलं होतं. तुम्हाला नव्हतं कळवलं.

तुम्ही परत आलात, ओसरीवर उभ्या राहिलात आणि म्हणालात, "जित्या माणसाचं तेरावं घातलंस. आता तो आला तरी कुणाच्या घरी येईल?" पाणीसुद्धा न घेता लासूरच्या गाडीनं गेलात.

आई तेव्हा अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांचा जीव घुटमळत होता. त्यांना मोकळं करायला मी ते केलं. तेव्हाही हेच सांगितलं होतं, आजही सांगते.

पण मला आज भांडायचं नाही. मला तुमची ती आठवण येते आहे. लग्नाला चार महिने झाले होते. अनंत रजेवर आला आणि मला स्कूटरवर बसवून जुन्या शहरात नान आणि मटणाचा खलिया खायला घेऊन गेला. पूजापाठ करणाऱ्यांच्या घरातला मुलगा, आणि बरोबर कॉन्व्हेंटात शिकलेली, तिखट रश्श्यानं नाक गळणारी बायको! घरी आलो तर दारात तुम्ही. आमच्या तोंडाचा वास घेतलात, आत जाऊन मूठभर बडीशेप आणून आमच्या हातावर ठेवलीत. आईंनी विचारलं, "कुठं गेली होती जोडी?" तुम्ही म्हणालात, "खडकेश्वराला. प्रसादाची बडीशेप आणलीय, घ्या."

देवळात बडीशेपेचा प्रसाद! आईंनी कपाळाला लावून खाल्ली.

अशी नणंद माझी. तिला मी कसं गमावलं, हे मला ठाऊक आहे.

या ना, वन्सं.

पद्मजा


औरंगाबाद, ५ एप्रिल २००८

वन्सं,

काल तुमच्या द्वारकाबाईचा फोन आला. तिला रागावू नका. आधी तिनं मला चार वेळा विचारलं, "तुमीच का त्या इंग्रजीवाल्या वयनी?" मग म्हणाली, "बाई तुमचं पत्र वाचत्यात, उशाखाली ठिवत्यात. पुना काढत्यात. दोन दिस झाले, भाकरीला हात लावंना."

मी म्हटलं, "काही बोलल्या का?"

"बोलल्या की. म्हनल्या, तिला इंग्रजी येतं, तिला समदं येतं, तर तिलाच देऊ द्या रगत."

मी हसले, वन्सं. मग फोन ठेवला आणि तुमचं कार्ड काढून पुन्हा वाचलं.

मागच्या पत्रात एक लबाडी केली. पैठणचा विधी मी आईंसाठी केला नाही. आईंनी तसं कधी म्हटलंच नव्हतं. त्या शेवटपर्यंत अनंतचं ताट वाढायला लावत होत्या आणि नंतर ते मला जेवायला लावत होत्या.

मी तो माझ्यासाठी केला.

तुम्हाला संक्रांतीची हळदीकुंकवं आठवतात? तुम्ही लासूरला असायचात, मी आईंबरोबर घरोघर जायची. पहिल्या वर्षी बायका धीर द्यायच्या. तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून काय व्हायचं ते सांगते. यजमानीण बायकांच्या कपाळाला कुंकू लावत लावत माझ्यापर्यंत यायची, आणि बोट थांबायचं. कुंकवाचं बोट माझ्या कपाळासमोर धरून ती आईंकडे बघायची. लावू का नको? आई मान हलवायच्या, मग ते टेकायचं, पण कसं, तर विस्तवाला शिवल्यासारखं. बारा वर्षं. पुढं पुढं तर मी खोलीत शिरले की तबक घेतलेली बाई आत पाणी आणायला जायची.

मी छत्तीस वर्षांची होते. मला सवाष्ण राहायचं नव्हतं की विधवा व्हायचं नव्हतं. मला फक्त ते बोट थांबायला नको होतं.

पैठणहून आल्यावर पुन्हा कुणी बोलावलंच नाही. तेवढं एक सुटलं.

मुदतीला पंचवीस दिवस आहेत.

पद्मजा


औरंगाबाद, १२ एप्रिल २००८

वन्सं,

हे पत्र तीनदा लिहिलं. आता चौथ्यांदा जसं येईल तसं टाकते आहे, कारण पुन्हा वाचलं तर ठेवून देईन.

बहात्तर सालचा जानेवारी. औरंगपुऱ्यातल्या घरी एक साहेब आले होते, कुरियन नावाचे, अनंतच्या तळावरचे. तुम्ही लासूरहून आल्या होतात. आई खुर्चीवर, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन. तुम्ही चहाचा ट्रे घेऊन माजघराच्या दारात. तारेत फक्त "बेपत्ता" एवढंच होतं, आणि हे साहेब स्वतः आले म्हणजे काहीतरी कळणार म्हणून सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. साहेबांना मराठी येत नव्हतं आणि घरात इंग्रजी फक्त मला येत होतं. माहेरी बाबा कौतुकानं म्हणायचे, पोरीला मिशनरी बायांकडे घातलं ते वाया नाही गेलं.

साहेब काय म्हणाले ते आज सांगते.

ते म्हणाले, त्या दिवशी दोन विमानं निघाली होती. मागच्या विमानाच्या वैमानिकानं पाहिलं. पुढच्या विमानाच्या डाव्या इंजिनातून धूर आला, ते दोन शिखरांच्या मधून वळून बाहेर पडायला बघत होतं, तेवढी जागा नव्हती, आणि ते उतारावर आदळलं. आग लागली. मागच्यानं तीन घिरट्या घातल्या. खाली काही हललं नाही. कुणी उडी मारली नव्हती. मारण्याएवढी उंचीही हाताशी नव्हती. पुढं बर्फ पडलं आणि ती जागाच दिसेनाशी झाली. देह मिळाला नाही म्हणून कागदावर बेपत्ता असंच राहील. "पण तुम्ही वाट बघत बसू नका," ते म्हणाले, "हे कागदावर लिहिता येत नाही म्हणून मी सांगायला आलो."

मग ते थांबले. मी घरच्यांना सांगावं म्हणून थांबले. चहा ढवळत बसले, साखर कधीच विरघळली होती तरी.

तुम्ही विचारलंत, "काय म्हणाले साहेब?"

मी आईंकडे पाहिलं. त्यांची छाती धपापत होती, दमा उसळलेला. मी म्हटलं, "शोध चालू आहे म्हणाले."

"इतका वेळ बोलले आणि एवढंच?"

"इंग्रजी लांबच असतं, वन्सं."

तुम्ही हसलात. तुम्ही हसलात म्हणून आईही हसल्या, महिन्याभरात पहिल्यांदा. साहेबांनी ते हसणं पाहिलं. त्यांना भाषा कळत नव्हती, पण अशी बातमी ऐकून कुणी हसत नाही एवढं कळलं असणार. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कप खाली ठेवला, आईंना वाकून नमस्कार केला आणि गेले. पुन्हा कधी आले नाहीत, लिहिलंही नाही.

मी ठरवलं होतं, उद्या सांगायचं. मग संक्रांत होती, ती झाली की सांगायचं. मग आईंचा दमा उतरला की. उन्हाळ्यात तुम्ही पहिल्यांदा दिल्लीला गेलात. अठ्ठ्याहत्तरला सीमेपारच्या तुरुंगातून सुटून आलेल्या कुणीतरी म्हटलं, पलीकडच्या कोठडीत अनंत नावाचा कुणी होता. तुम्ही पेढे वाटलेत. मीही खाल्ला. तेव्हा कसं सांगणार होते? सहा वर्षं मी तुम्हाला फिरताना बघत बसले, हेही बरोबर सांगावं लागलं असतं.

एकदा लासूरच्या फलाटावर तुमच्या यजमानांनी, व्यंकटरावांनी, मला बाजूला घेतलं होतं. तुम्ही गाडीत बसला होतात, मांडीवर दशम्यांचा डबा. ते बिचारे शाळेची रजा काढून काढून तुमच्याबरोबर जायचे. मला म्हणाले, "वहिनी, ती तुमचं ऐकेल. थांबवा तिला." मी म्हटलं, "जाऊ द्या, तेवढंच तिला समाधान."

त्यांना मी हे उत्तर दिलं, वन्सं. ते वारले तेव्हाही मी आले नाही. तुम्ही येऊ दिलं नसतंत हे खरं, पण मी यायला निघालेही नव्हते.

पैठणला मी जिवंत माणसाला जाळलं नाही. ते मला पुतळा जळतानाही ठाऊक होतं. ओसरीवर तुम्ही बोललात तेव्हा एका वाक्यात सांगता आलं असतं. नाही सांगितलं. जिवंत माणसाला जाळणारी म्हणवून घेणं मला त्यापेक्षा सोपं गेलं.

आता तुम्ही रक्त द्या किंवा देऊ नका. मागायला मला तोंड नाही. तरी मागते.

पद्मजा


औरंगाबाद, २९ एप्रिल २००८

वन्सं,

तुम्ही सुखरूप पोचलात, असं द्वारकाबाईनं कळवलं.

काल छावणीच्या फाटकाशी जीप थांबली तेव्हा मी तुम्हाला ओळखलं नाही. एवढ्या लहान झालात. मी पुढं झाले तर तुम्ही द्वारकाबाईचा हात धरलात. बरोबर केलंत.

खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, "पेशंटशी नातं?" तुम्ही म्हणालात, "पेशंट कोण? भाऊ आहे." तो खाली मान घालून लिहीत राहिला.

शीर सापडेना. तिसऱ्यांदा सुई टोचली तेव्हा द्वारकाबाईच नर्सवर ओरडली, "अहो बाई, कापूस पिंजायलाय का काय!" तुम्ही समोरच्या भिंतीकडे बघत होतात.

निघताना एकदाच माझ्याकडे वळलात. मला वाटलं होतं, शिव्या घालाल. घालायला हव्या होत्या.

"जुळलं तर कळव. नाही जुळलं तरी कळव. साहेब लिहितील तसंच कळव," म्हणालात.

कळवीन.

पद्मजा


औरंगाबाद, ९ सप्टेंबर २००८

वन्सं,

जुळलं नाही.

पत्र शुक्रवारी आलं. आज मंगळवार. मधले दिवस कुठं गेले ते पुढं सांगते. मूळ इंग्रजी पत्र सोबत जोडलं आहे. माझ्यावर विसंबू नका, तिथल्या शाळेतल्या कुणा शिक्षकांकडून वाचून घ्या. त्यात असं आहे:

मिळालेल्या अवशेषांपैकी काही मुख्य वैमानिकाचे आहेत, काही रेडिओवाल्याचे. तुमच्या रक्ताशी एकही जुळलेला नाही. काही तुकडे इतके झिजलेले की त्यांतून काहीच कळलं नाही. त्यांना पंधरा तारखेला उत्तरेतल्या तळावर मानानं अग्नी देतील. त्यांत फ्लाइट लेफ्टनंट अनंत असू शकतील किंवा नसतीलही, असं लिहिलं आहे. हिमनदी सरकते, पुढं कधी आणखी काही वर आलं तर कळवू. खाली सही.

एवढंच आहे. या वेळी खरंच एवढंच आहे.

रेडिओवाल्याच्या बायकोशी फोनवर बोलले. मदुराईकडची आहे. तिला तिच्या माणसाच्या टाचेचं हाड मिळालं. तोडक्या इंग्रजीत रडत होती, आणि मी तिला धीर देता देता मला तिचा हेवा वाटला. हाडाचा हेवा, वन्सं.

आता मधल्या दिवसांचं. शुक्रवारी मी तुम्हाला दुसरंच पत्र लिहिलं होतं. जुळलं, असं. तळावर जाऊन त्या एकत्र अग्नीतली चिमूटभर राख आणली असती, तुमच्या हातात दिली असती. तुम्ही ती पैठणला सोडली असतीत, आणि मग तुम्हाला झोप लागली असती. लासूरला कोण विचारायला येणार होतं? पाकीट डकवलं, तिकीट लावलं. दोन दिवस ते टेबलावर होतं. सोमवारी फाडलं. चांगुलपणानं फाडलं असं समजू नका. मला फक्त दिसत होतं की मी पुन्हा त्याच खोलीत बसले आहे आणि तुम्ही ट्रे घेऊन दारात उभ्या आहात.

हे वाचून तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे. पेटीत तो नाही, म्हणजे तो त्या विमानात राहिला नसेल. कुठंतरी उतरला असेल. आता पासष्टीचा असेल. मी म्हणेन, बर्फ सगळं परत देत नाही. मागच्या विमानातून पाहणाऱ्याचं पुन्हा सांगेन. तुम्हाला पटणार नाही, आणि पटवून द्यायला आता माझ्या हातात काही राहिलेलं नाही. जे होतं ते मी छत्तीस वर्षांपूर्वी एका वाक्यात घालवलं.

आणखी एक सांगते, कारण आता लपवायचं नाही असं ठरवलं आहे. शुक्रवारी "जुळलेला नाही" हे शब्द वाचले आणि माझ्या मनात आलं, त्याची खोली झाडून ठेवायला हवी. माझ्या! जिला पहिल्यापासून ठाऊक होतं तिच्या. मी झाडू हातात घेऊन उभी होते. या घरात त्याची खोली नाहीच. हे घर मी ब्याण्णवला घेतलं. झाडू हातात घेऊन मी सगळ्या खोल्यांतून फिरले आणि मग पलंगावर बसले.

म्हणून तुम्हाला वाट बघू नका असं मी म्हणणार नाही. तेवढा हक्कही राहिला नाही आणि बळही नाही.

एक मागते. द्वारकाबाईची लेक बजाजनगरला बाळंत होणार आहे, दिवाळीपर्यंत ती तिकडं जाणार म्हणे. तुम्ही एकट्या कशा राहणार याची तिला काळजी. मी शनिवारच्या गाडीनं येते. रागवा, बोलू नका, ओसरीवर झोपवा. तुम्ही वाट बघत बसा, मी शेजारी बसेन. द्वारकाबाई म्हणत होती, हल्ली तुमचे गुडघे धरतात, दार वाजलं की उठायला वेळ लागतो, तोवर आलेला माणूस निघून जातो.

मी उठेन.

पद्मजा